नंबर माझ्या फोनवर येतो

"हाव साहेब, पोरगी आहे ना घरी. पन ते काही बोलत नाही."

आत्याचं हे वाक्य आतल्या खोलीतून आलं तेव्हा मी सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बाजेवर पाय वर घेऊन बसले होते. मांडीवर बँकेच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक होतं. धान कापून झालं होतं, चुरणं, म्हणजे मळणी, सुरू होतं, आणि मशीन मिळाली त्या दिवशी सगळं उरकायचं म्हणून आई-बाबा सकाळीच डबा घेऊन शेतावर गेले होते. घरात आत्या आणि मी, दोघीच. पान उलटता उलटता माझा हात थांबला. वाक्यातली पोरगी मी होते. आणि खोलीचं दार लावलेलं होतं.

आमच्या घरात फोनसाठी कोणी दार लावत नाही. फोन ही एकट्याने बोलायची वस्तू आहे हेच मुळी आमच्याकडे कोणाला मान्य नाही. फोन आला की आधी स्पीकर सुरू करायचा, मग तो तळहातावर पापड ठेवल्यासारखा आडवा धरायचा आणि आंगणात येऊन बोलायचं. मामाचा फोन असला तर आई चुलीपासून उत्तर देते, बाबा मोरीतून देतात, आणि भिंतीपलीकडच्या काकू त्यांच्या आंगणातून ओरडतात, "त्याले विचारा, मंडईले काऊन नाही आला? तोंड दाखवाले लाज वाटते का?" पलीकडून मामा काकूंना उत्तर देतो. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. वाटायचं ते मलाच. मी हेडफोन लावून गच्चीच्या जिन्यात बसायची, आणि आत्या खालून म्हणायची, "कोनाशी कुजबुज चालली वं? चोरी करून आनली का काही?"

अशी ही आत्या दार लावून, आवाज खाली आणून, कोणा साहेबाला माझ्याबद्दल सांगत होती.

मला वाटलं, स्थळ असणार.

तसं वाटायला कारण होतं. मंडई होऊन गेल्यापासून आई आणि आत्या मी आले की बोलणं बदलत होत्या. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. घरोघरी पाहुणे येतात, रात्री नाटक असतं, आणि पाहुण्यांच्या त्या गर्दीत लग्नाच्या मुली सहज म्हणून दाखवून होतात. यंदा तिरोड्याकडची एक बाई आमच्या सपरीत बसून चहा पिताना माझ्याकडे जरा जास्तच पाहत होती. ती गेल्यावर आत्या आईला म्हणाली होती, "चांगली आहे पोरगी, गोरी आहे, शिकली आहे. बोलत नाही तेवढंच." तेच वाक्य आता दाराआडून आलं. मी मुद्दाम उठले नाही. उठले असते तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मी बोलत नाही हे खरं आहे. मला पहिलीपासून गोंदियाच्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत टीचरशी इंग्रजी, बसमध्ये मैत्रिणींशी हिंदी, आणि घरी आई-आत्याची झाडीबोली ऐकून त्यांना पुस्तकातल्या मराठीत उत्तर. "काय करत आहेस?" असं मी म्हटलं की चुलतभाऊ पोट धरून हसायचे. "आली पुन्याची!" शाळेत इंग्रजी चुकलं की तिथे हसायचे. बसमधल्या हिंदीत कुठेतरी मराठी डोकावायची, तिथेही कोणीतरी हसायचं. मग मी तिन्ही ठिकाणी कमी बोलू लागले. न बोलणाऱ्याला पाहायला भरपूर वेळ मिळतो. आणि फार वेळ पाहत राहिलं की कोणावरच सरळ विश्वास बसत नाही. दुकानदार वजन करताना कुठे पाहतो, पाहुणा घर विचारताना घरातली माणसं का विचारतो, हे मला आपोआप दिसतं. मी ते कोणाला सांगत नाही एवढंच.

माझ्या इंग्रजी शाळेचा गावाला एकच उपयोग समजला. मेसेज वाचणं. गॅसवाला फाटकाशी सिलिंडर टेकवून ओरडतो, "नंबर बोलो!" की काकू भिंतीवरून त्यांचा फोन माझ्याकडे देतात, "सांग वं बाई, का आला ते." मी आकडे वाचते, काकू ते भिंतीवरून ओरडून गॅसवाल्याला सांगतात. धान विकायची नोंदणी करताना तिथला ऑपरेटर नंबर विचारतो, तोही असाच ओरडून सांगायचा, मागे रांगेत अर्धं गाव उभं असतं. कोणतं कार्ड काढा, कोणती योजना भरा, नंबर येतो आणि तो सांगायचा असतो. सांगितला की काम होतं. पोस्टरवर, टीव्हीवर, फोनच्या कॉलर ट्यूनमध्येसुद्धा सांगतात की नंबर कोणाला देऊ नका. आमच्या गावात ते ऐकून माणसं हसतात. नंबर द्यायचाच नाही तर सिलिंडर कसं मिळणार?

आता आमच्या घरात याचा एक नियम आहे. ज्याच्या हातात आपल्याला द्यायची वस्तू दिसते आहे, त्यालाच नंबर सांगायचा. गॅसवाल्यापुढे सिलिंडर असतं. फोनवरच्या माणसापुढे काय असतं ते आपल्याला दिसत नाही. त्याने बँकेचं नाव सांगितलं, आपलं नाव सांगितलं, खातं कुठे आहे हेही सांगितलं, तरी फोन ठेवायचा आणि चप्पल घालून बँकेत जायचं. हा नियम त्या दुपारनंतरचा. त्या दुपारी तो नव्हता.

दाराआडून आत्याचं हिंदी ऐकू येऊ लागलं. आत्याचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'जी' लावलेलं. "हाव जी. समझ्या जी. दरवाजा लगाया जी." आमच्याकडे हिंदी ही साहेबांची भाषा. गोंदियात दुकानात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे खुर्चीवरचा माणूस हिंदी बोलतो आणि उभा असलेला माणूस मान हलवतो. आत्या समोर कोणी नसतानाही मान हलवत असणार, हे मला दार न उघडता दिसलं.

स्थळाची बाई तिरोड्याची होती. ती हिंदी कशाला बोलेल? आणि तिला 'साहेब' कोण म्हणेल?

मग आत्या आकडे सांगू लागली.

आत्याला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. तरुणपणापासून ती बिड्या वळत आली. कट्टे, म्हणजे बिड्यांच्या जुड्या, मोजून आणि कारखान्याच्या कार्डावरचे आकडे पाहून पाहून ती आकडे शिकली. ती एकेक आकडा वेगळा, ठासून सांगते, जणू तो समोर पाटावर ठेवते आहे. मी मनात तिच्यासोबत मोजू लागले. फोन नंबर देत असेल, माझा किंवा बाबांचा. दहा आकडे झाले. आत्या थांबली नाही.

मी पुस्तक बाजूला ठेवलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. माझ्या जन्माच्या आधीच ती एकटी होऊन या घरी परत आली. आमच्यापैकी कोणी तिला कधी परकं म्हटलं नाही. पण तिचं सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावतं आणि ती पेटी धान साठवायच्या ढोलीमागे ठेवलेली असते. पेटी उघडायची तर आधी ढोलीजवळची पोती सरकवायची, पोती सरकवायची तर आईला विचारायचं. बिड्यांचे आणि नंतर शाळेत खिचडी शिजवायचे पैसे तिने कधी कुठे खर्च केलेले मी पाहिले नाहीत. मग या पावसाळ्याआधी एकदा जेवताना ती म्हणाली, "मी खोली बांधतो." आत्या स्वतःबद्दल बोलताना कधी कधी असं पुरुषासारखं बोलते. घराच्या कडेला, बाभळीकडच्या जागेत एक खोली. दार रस्त्याकडे. आमच्या आंगणातून न जाता आत जाता येईल असं.

बाबा म्हणाले, "अर्धे मी टाकतो."

"नको."

"अवं, बहीन आहे का सावकार?"

"एक वीट तुही लागली का ते खोली तुही होते," आत्या म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

विटा आल्या. आंगणात एका बाजूला त्यांचा ढीग रचला, त्यावर आत्या रोज सकाळी पाणी मारायची, लागत नसलं तरी. गवंडी चुरणं संपलं की येणार होता. खोलीचं बाकी सगळं, सिमेंट, पत्रे, दार, दाराची कडी, बँकेत होतं. त्या बँकेत आत्याचं खातं निघालं तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून खात्याला माझा नंबर जोडला होता. पुढे बाबांचा जुना फोन आत्याकडे आला, पण बँकेत जाऊन नंबर बदलायचा राहून गेला. बँकेचे तिचे मेसेज अजून माझ्याकडेच येतात.

बाजेवर माझा फोन थरथरला.

मेसेज इंग्रजीत होता. आत्याच्या बँकेचा होता, तो खरा होता. सहा आकड्यांचा नंबर, त्याच्या मागे रक्कम, आणि शेवटी नेहमीचं वाक्य, हा नंबर कोणालाही सांगू नका. ती रक्कम वाचून मी मान वर केली तर समोर विटाच होत्या. त्या विटांवर पुढे जे काही चढायचं होतं, ते सगळं त्या एका आकड्यात होतं.

माझ्या पुस्तकात यावर एक प्रकरण आहे. फोन करून बँकेच्या नावाने माहिती काढणे याला काय म्हणतात, चार पर्याय, योग्य पर्यायावर खूण करा. मी ती खूण कधी चुकवली नाही. पण पुस्तकात आत्या नसते. आणि खरं सांगायचं तर मला शंभर टक्के खात्री नव्हती. मागच्याच महिन्यात आत्याला बँकेने केवायसीसाठी दोनदा परत पाठवलं होतं, एकदा फोटो जुना म्हणून, एकदा आधारची झेरॉक्स पुसट म्हणून. तिसऱ्यांदा ती गेलीच नव्हती. तेव्हा बँकेचा फोन आला असेल तर? मी मध्ये पडले आणि खातं खरंच बंद झालं तर? चुरणं संपत आलं होतं. गवंडी एकदा दुसऱ्याच्या कामावर गेला की उन्हाळा लागेपर्यंत येत नाही.

दार उघडलं. आत्या बाहेर आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कार्ड. पदर डोक्यावर घेतलेला. फोनवरच्या साहेबासाठी तिने पदर डोक्यावर घेतला होता.

"नंबर आला का वं तुह्या फोनवर?"

मी हातानेच विचारलं, कोण आहे?

"बँकेचा मोठा साहेब. नागपूरवाला. खातं बंद होऊन राहिलं माहं संध्याकाळपासून. तू नंबर सांग, मंग तो चालू करते."

तिने फोन स्पीकरवर टाकला. आवाज तरुण होता, स्वच्छ होता, जरा थकलेला वाटावा असा. दिवसभर लोकांची कामं करून थकलेल्या माणसासारखा.

"बेटा, आप घर में पढ़ी-लिखी हो ना? माताजी आपकी बहुत तारीफ कर रही थीं. अभी एक नंबर आया होगा. ज़रा बता दो, फिर माताजी का कमरा भी बन जाएगा, सब हो जाएगा."

कमरा.

बँकेला खोलीचं कोणी सांगितलं? मी आत्याकडे पाहिलं. तिने स्वतःच सांगितलं असणार, दाराआड, विचारलेलं नसताना. साहेब गोड बोलला की आत्या सगळं सांगते. मंडईतही तिने असंच केलं होतं. आकाशपाळण्याजवळ एक टेबल मांडून दोघं जण कूपन वाटत होते, मिक्सर लागणार म्हणून. नाव सांगा, फोन सांगा, बक्षीस आलं तर कोणत्या बँकेत टाकायचं ते सांगा. आत्याने तिन्ही सांगितलं, वर त्या मुलाला विचारलं, "जेवला का बापू तू?" मी मागे उभी राहून त्या टेबलाकडे पाहत होते. त्यावर कोणत्याच कंपनीचं नाव नव्हतं आणि मिक्सरचा खोका उचलायला फार हलका दिसत होता. तेव्हाही मी काही बोलले नाही. हा फोन तिथूनच आला असं मी म्हणत नाही. ते कधीच कळणार नाही. पण त्या क्षणी मला तोच हलका खोका आठवला.

मी नकारार्थी मान हलवली.

"मुंडी काऊन हालवून राहिली? त्याले दिसते का तुही मुंडी?"

"हैलो? बेटा?"

मी माझा फोन मुठीत आवळला.

मग तो इंग्रजीत बोलला. माझ्या शाळेतल्या टीचरसारखं, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून. मॅडम, तुम्ही ऐकताय ना, तुमच्या आत्याचं खातं आज संध्याकाळी गोठवलं जाणार आहे, सहकार्य करा. आणि माझ्या जिभेवर 'येस सर' आलं. अगदी टोकापर्यंत आलं. इंग्रजीत कोणी विचारलं की उभं राहून उत्तर द्यायचं, ही बारा वर्षांची सवय. त्याला ती सवय माहीत होती असं मला वाटलं, आणि त्या विचारानेच मी ओठ घट्ट मिटले.

तो बोलायचा थांबला तेव्हा त्याच्या मागे दुसरा एक आवाज ऐकू आला. दुसरा माणूस दुसऱ्या कोणाला तरी सांगत होता, "माताजी, दरवाज़ा बंद कर लीजिए, सिक्योरिटी के लिए." आत्या ज्याला 'दरवाजा लगाया जी' म्हणाली होती, ते वाक्य हेच असणार. मला वाटतं तोच श्वाससुद्धा. कुठल्या तरी गावात आणखी एक आत्या दार लावत होती.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. त्या बोदलकसाच्या तलावावरून आणलेले मासे साफ करत बसल्या होत्या, विळीचा आवाज मघापासून येत होता. "का झालं वं? कोनाचा फोन आहे?"

"कौन बोल रहा है वहाँ?" फोनमधला आवाज एकदम बदलला. "माताजी, मैंने कहा था ना, आसपास कोई नहीं होना चाहिए. स्पीकर बंद कीजिए."

आत्याने घाईघाईने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. भिंतीकडे पाठ केली. काकू, ज्यांना आमच्या घरात शिजलेल्या भाजीतलं मीठसुद्धा माहीत असतं, त्यांच्यापासून आत्या काहीतरी लपवत होती.

तिथे माझी शंका मिटली. बँकेत मी आत्यासोबत गेले आहे. तिथे रांगेत मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावरून पासबुक वाचतो आणि मोठ्याने सांगतो, "काका, तुमचे जमा झाले." काउंटरवरची मॅडम सगळ्यांसमोर ओरडते, अंगठा कोणाचा राहिला? त्या बँकेला काकूंची भीती कधीपासून वाटायला लागली? ज्याला एकटी बाई लागते, दार लावलेलं लागतं, शेजारीण नको असते, तो आपल्याला काही द्यायला आलेला नसतो.

पण मला हे सगळं कळलं आणि मी तशीच उभी राहिले. माझ्या मुठीत माझा फोन होता. मी नंबर सांगणार नव्हते, आणि मला वाटलं तेवढं पुरे आहे. न बोलणं मला येतं. इतर कोणाला जमणार नाही इतकं मला ते येतं. मी अशीच उभी राहीन, नंबरची वेळ निघून जाईल, तो कंटाळेल, फोन ठेवेल. त्या पोरीला बोलता येत नाही म्हणून आत्याची खोली वाचली, असं मनातल्या मनात मी जवळजवळ ठरवूनही टाकलं.

आणि तसं होऊ लागलंही होतं. पलीकडचा माणूस चिडत होता. आत्याच्या कानाला लावलेल्या फोनमधून त्याचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. माझा फोन पुन्हा थरथरला, नवा नंबर आला, पहिल्याची वेळ संपली म्हणून. तो काहीतरी ओरडला. आत्याचा चेहरा पडला.

"नाही साहेब, गूंगी नाही," ती म्हणाली. "लाजते थोडी." मग माझ्याकडे वळून, फोनवर हात ठेवून, "अवं, तोंड शिवलं का तुह्यं? मी बारा वर्सं तुह्या शाळेच्या बसले डबा घेऊन उभी राहिली. एक नंबर नाही सांगत मले?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पाहिलं आणि तिला वाटलं मी ऐकलं. ती जवळ आली. तिच्या अंगाला अजूनही तंबाखूचा वास येतो, बिड्या कमी केल्या तरी. मला वाटलं ती माझ्या डोक्यावरून हात फिरवणार.

तिने माझ्या मुठीतून फोन काढून घेतला.

बिड्या वळणाऱ्या बोटांसमोर माझी मूठ काय टिकणार? पडद्यावर मेसेज वरच दिसत होता, उघडायचीसुद्धा गरज नव्हती. अक्षरं तिला येत नव्हती. सांगू नका हे वाक्य तिच्यासाठी तिथे नव्हतंच. आकडे होते. ती पाठ फिरवून विटांच्या ढिगाकडे गेली, उन्हात फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि कानाला लावलेल्या दुसऱ्या फोनवरच्या साहेबाला म्हणाली, "लिहा जी. चार."

मी तिच्या मागे धावले.

"शून्य."

मी तिचा दंड धरला. तिने तो झटकला, जसा ती कोंबडीला झटकते.

माझ्याकडे शब्द नव्हते असं नाही. तीन भाषांमधले शब्द तयार होते. इंग्रजीतला शब्द होता, तोच ज्याच्यावर मी पुस्तकात खूण करते. बसमधला 'धोखा' होता. पोस्टरवरचा 'फसवणूक' होता. तिन्ही घशात रांगेत उभे होते, आणि मला माहीत होतं की त्यांतल्या एकानेही आत्या थांबणार नाही. ते शब्द तिने कॉलर ट्यूनमध्ये हजारदा ऐकले होते. ते दुसऱ्या कोणाबद्दल होते.

"सात," आत्या म्हणाली. "हाव जी, सात. मंग नऊ."

दोन आकडे उरले होते. आत्याची नजर पडद्यावर होती, तिच्या पलीकडे विटा होत्या, सकाळचं पाणी अजून सावलीतल्या विटांवर ओलं होतं. भिंतीपलीकडे विळी चालूच होती. मी तोंड उघडलं, आणि जी भाषा मी उभ्या जन्मात फक्त ऐकली होती त्या भाषेत, काकूंची विळी थांबली इतक्या मोठ्याने, मी ओरडले,

"आत्या, तो तुही खोली चोरून राहिला!"